सुनेने न दिलेला निरोप

राग माझ्या नाकावर असतो. माहेरी वसईत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि इथे लखनौला, मानक नगरच्या आमच्या कॉलनीत, सब्जीवाल्या भैयापर्यंत सगळ्यांना ते कळून चुकलंय. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बाई जरा तिखट असली की लोक तिला कमी छळतात, असं माझं मत होतं. पण त्या रागाच्या भरात मी एका सरळ माणसाचं तोंड बंद केलं आणि त्याचं आयुष्यभराचं काम जवळजवळ घालवलं. ते परत मिळवून द्यायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते फक्त मलाच बोलता येत होतं. ते वाक्य मी सहा आठवडे गिळून बसले होते.

तो माणूस म्हणजे आमचे फादर. मूळचे वसईकडचे, केळीच्या वाडीत वाढलेले, पण उभी हयात उत्तरेत काढलेली. शहराबाहेरच्या सेमिनरीत, म्हणजे जिथे मुलं पाद्री व्हायला शिकतात तिथे, ते मॉरल थिऑलॉजी शिकवत. आपल्या भाषेत सांगायचं तर पाप-पुण्याचं शास्त्र. रोमहून डॉक्टरेट घेऊन आलेले, जाडजूड पुस्तकं लिहिलेली. व्हेंटिलेटर काढावा का, आजाऱ्यापासून आजार लपवावा का, असलं काही अडलं की डॉक्टर आणि नर्सा त्यांना फोन करत. एवढा मोठा माणूस, पण चप्पल कायम एका बाजूने झिजलेली आणि स्कूटर अशी की आधी आवाज यायचा आणि मग बऱ्याच वेळाने फादर.

त्यांची शिकवायची पद्धत निराळी होती. पुस्तक उघडायचेच नाहीत. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं भरलेली असायची, प्रत्येकावर एकेक केस. एक माणूस आहे, त्याच्यापुढे असा असा पेच आहे, आता तुम्ही सांगा. मुलांनी पाठ केलेलं उत्तर दिलं की फादर भडकायचे. "हे पुस्तकातलं झालं. तो माणूस समोर रडतोय, त्याला काय सांगशील?" कन्फेशन कसं ऐकायचं ते शिकवताना ते स्वतः गुडघे टेकून पापी व्हायचे, आणि मुलाला जाळीपलीकडे फादर करून बसवायचे. अशी अशी पापं रचून सांगायचे म्हणे, की मुलांच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि एक गोष्ट ते कुणालाही माफ करत नसत. कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर येता कामा नये. शब्दाने नाही, इशाऱ्याने नाही, चेहऱ्यानेही नाही. ज्याने पाप सांगितलं त्याच्याशीसुद्धा, त्याने मोकळीक दिल्याशिवाय, बाहेर त्यावर बोलायचं नाही. जीव गेला तरी.

इथे मराठीत कन्फेशन ऐकणारे ते एकटेच. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते आमच्या चर्चमध्ये बसत, आणि आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं रांग लावत असू. हिंदीत मला भाजी घेता येते, भांडता तर फर्स्ट क्लास येतं, पण पाप सांगता येत नाही. म्हणून जे मी दोन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं ते शेवटी त्यांना सांगितलं.

काय सांगितलं ते आता सांगायला मी मोकळी आहे. फादर नाहीत, मी आहे. पाप माझं आहे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटचे सात महिने आमच्याकडे होत्या. हे रेल्वेच्या संशोधनाच्या कामात, सकाळी आठला गेले की संध्याकाळी सातला परत. मी बँकेत, पण आईंसाठी शाखेत सांगून दुपारी घरी यायचे. आईंची किडनी गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, हे त्यांनाही कळत होतं. दुपारी मी पेज भरवायला बसले की त्या माझं मनगट धरायच्या. "त्याला सांग, मला गावी ने म्हणावं. मला यांच्याशेजारी जायचंय." यांच्या म्हणजे सासऱ्यांच्या. गावच्या दफनभूमीत सासऱ्यांच्या बाजूला त्यांनी स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती. मी म्हणायचे, तुम्हीच सांगा ना लेकाला. तर म्हणायच्या, "मी सांगितलं तर तो रडेल गं. तू सांगितलंस तर विचार करील."

मी सांगितलं नाही.

कारणं होती. मुलीची बारावी होती. आईंना घेऊन हे वसईला गेले असते तर महिना-दोन महिने तिकडेच बसले असते, आणि मी इथे एकटी, बँक आणि बोर्डाची परीक्षा सांभाळत. आज सांगते, उद्या सांगते, पेपर संपले की सांगते. आणि खरं बोलायचं तर मी थकले होते. मला कुणाचीही आणखी एक इच्छा नको होती. हे संध्याकाळी विचारायचे, "आई काही म्हणाली का?" आणि मी म्हणायचे, "नाही, झोपूनच होत्या." मुलीचे दोन पेपर राहिले असताना आई गेल्या. त्यांना आम्ही इथेच, लखनौला पुरलं. हे त्या दिवशी म्हणाले, "आईची काही इच्छा राहिली नाही ना, एवढं समाधान आहे." मी मान हलवली.

जाळीपलीकडून फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "देवाने क्षमा केली आहे. नवऱ्याला सांगायलाच हवं, असं मी आज बांधून घालत नाही. पण गप्प राहता ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, हे अधूनमधून स्वतःला विचारत जा." मी बाहेर आले, आणि खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. तो प्रश्न काही मी स्वतःला विचारला नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात फादरांनी आमच्यासारख्या संसारी लोकांसाठी एक वर्ग सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी पाचला, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. आम्ही बाराजण होतो, दोन नर्सा, एक निवृत्त प्रिन्सिपल, काही जोडपी. आमच्या यांना फादरांचा भारी लळा. वसईला कॉलेजात असताना, फादरांनी सुट्टीत तिकडे घेतलेल्या शिबिराला गेले होते, तेव्हापासूनचा. माझं नाव यांनी मला न विचारताच घातलं.

चौथा शनिवार होता. कूलर घरघरत होता. फादरांनी डब्यातून कार्ड काढलं आणि नेहमीसारखं वाचायला लागले. "एक बूढ़ी माँ है, बेटे के घर रहती है, अपने गाँव से दूर." मी वहीत तारीख लिहीत होते. "वह जानती है कि अब ज़्यादा दिन नहीं. बहू से कहती है, बेटे से कह दो, मुझे गाँव ले चले. बहू नहीं कहती."

माझा पेन थांबला. हे माझ्या उजवीकडे बसले होते, कोपर कोपराला लागत होतं. मी वर पाहिलं, आणि नेमकं त्याच वेळी फादरांनीही कार्डावरून नजर वर केली. आमची नजरानजर झाली. त्यांचा चेहरा एकदम उतरला.  मग घाईघाईने, जवळजवळ पुटपुटत, त्यांनी उरलेलं वाचून टाकलं. माँ मर जाती है. अब बहू क्या करे? पति को बताए, या चुप रहे?

 एक नर्स म्हणाली, बताना चाहिए. प्रिन्सिपल म्हणाले, अब क्या फ़ायदा. आणि हे, माझे हे, शांतपणे म्हणाले, "पता नहीं फ़ादर. पर मैं बेटा होता तो जानना चाहता."

मी उठले. खुर्ची मागे पडली. डोकं दुखतंय, असं काहीतरी बोलून मी बाहेर व्हरांड्यात आले. फादर माझ्या मागोमाग आले, एकटेच. मग काय, माझा तोल गेला.

"लाज नाही वाटत तुम्हाला? नवऱ्यासमोर? सगळ्यांसमोर? विश्वासाने सांगितलं होतं मी!"

त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, एक मिनिट. तुम्ही जर मला बोलायची मोकळीक दिलीत तर..."

"कसली मोकळीक? एक शब्द बोलायचा नाही! या विषयावर तुम्ही यापुढे तोंड उघडायचं नाही, माझ्यापाशी नाही आणि कुणापाशीही नाही. समजलं?"

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "समजलं." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी सेमिनरीच्या रेक्टरांना पत्र लिहिलं. रेक्टर म्हणजे तिथले मुख्य, फादरांचे वरिष्ठ. खाली सही केली, पण केस कोणती ते लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की हे फादर कन्फेशनमध्ये ऐकलेल्या गोष्टी वर्गात केस म्हणून सांगतात. पाद्र्यावर यापेक्षा मोठा आरोप नाही. तो खरा ठरला तर त्याचं सगळं संपतं. मला ते माहीत होतं, आणि लिहिताना बरं वाटत होतं.

रेक्टरांचा फोन आला. कोणती केस? मी म्हटलं, सांगणार नाही, ते सांगितलं तर माझंच पाप सांगितल्यासारखं होईल. त्यांनी सुस्कारा टाकला. तुमचं नाव माझ्यापाशीच राहील, म्हणाले. पुढच्या आठवड्यात वर्ग बंद झाला. मग सेमिनरीतले फादरांचे तासही थांबवले. चौकशी चालू आहे, सत्र संपलं की फादर दुसरीकडे जातील, कदाचित शिकवणं कायमचं सुटेल, असं चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागलं. कुणा बाईने तक्रार केली, हेही फिरू लागलं. आणि चौकशीत फादरांनी काय सांगितलं, तेही कुठून तरी फुटलं. ते म्हणाले होते, "कोणत्या केसवरून तक्रार आहे हे शोधायला लागलात, तर तुम्ही त्या बाईचं पाप शोधत जाल. त्यात मी मदत करणार नाही." बस्स. कार्डांचा डबासुद्धा त्यांनी रेक्टरांना दाखवला नाही.

मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. स्वतःशीच म्हटलं, कारण बोलणार कुणापाशी?

इकडे आमचे हे नुसते पेटले होते. सकाळी चहाला तोच विषय. "कोण असेल गं ती बाई? काय मिळालं तिला?" मी पोळी तव्यावर आपटत म्हणायचे, "मला काय माहीत." मुलगी कॉलेजातून घरी आली होती, ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणायची, "पापा, छोड़ो ना, चर्च की पॉलिटिक्स है." यांना काही ते सोडवेना. आणि एका रविवारी, मला न सांगता, यांनी फादरांना जेवायलाच बोलावलं. "एकटे पडलेत गं ते. आपण मराठी माणसांनी तरी."

देवा! मी ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो माणूस माझ्या टेबलावर, आणि मी त्याला वाढणार. मी रोहूचं कालवण केलं. इथे पापलेट कुठून आणणार, पण कोकम वसईचं होतं. मीठ दोनदा पडलं की काय, कळेना. राग तर होताच, पण त्याहून भीती जास्त होती. हा माणूस एक वाक्य बोलला की माझा संसार गेला. आणि यांचं टुमणं सुरूच होतं.

"फादर, आम्हाला तरी सांगा. तुम्ही एक शब्द बोललात तरी सगळं मिटेल."

"मला बोलायला मनाई आहे," फादर म्हणाले.

"कुणाची? बिशपांची?"

"ज्यांना मनाई करायचा हक्क आहे त्यांची." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काटे काढत राहिले. "कोकम छान उतरलंय."

माझ्या हातातला डाव वाटीवर आपटला. यांना ते कळलं नाही. हे आपल्याच नादात होते. म्हणाले, "अहो, तुमच्या केसेस काय आज ऐकतोय का मी? वसईच्या शिबिरात तुम्ही आम्हाला एक छापील वही वाटली होती, प्रसंगांची. माझ्याकडे असणार कुठेतरी. मी कागद टाकत नाही. मी दाखवतोच रेक्टरांना, की फादर तीच कार्डं वर्षानुवर्षं शिकवतायत."

फादरांचा घास हातातच राहिला. इतका वेळ दगडासारखा शांत माणूस, पण आता त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नका शोधू ती," ते म्हणाले. "कृपा करा. रेक्टरांकडे तर मुळीच नेऊ नका."

"अहो पण का? तुमच्याच फायद्याचं आहे."

"माझं ऐका. राहू द्या."

हे हसले. फादरांचा मोठेपणा, एवढंच यांना वाटलं. मला मात्र तिथे पहिल्यांदा काहीतरी टोचलं. जो माणूस गुन्हेगार आहे तो आपल्याला सोडवणारा कागद का नको म्हणेल? मी ते ढकलून दिलं. भांडी घासली, ओटा दोनदा पुसला, तरी ते जाईना.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी हे स्टुलावर चढून माळ्यावरच्या सुटकेसा उतरवत होते. मी पोळ्या लाटत होते. "सापडली!" म्हणून ओरडले. पिवळी पडलेली, कोपऱ्यात स्टेपल गंजलेली वही. लहान मुलासारखे खूश होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि एकेक प्रसंग मोठ्याने वाचायला लागले. डॉक्टरने रुग्णाला खोटं सांगितलं तो. मित्राच्या चोरीबद्दल गप्प राहिलेला तो. आणि मग म्हणाले, "अगं, ही बघ, परवा वर्गात घेतली तीच! प्रसंग नववा. एक वृद्ध आई मुलाच्या घरी पुण्याला राहत होती. तिला आपल्या गावी जाऊन मरायचं होतं. तिने सुनेजवळ मुलासाठी निरोप दिला. सुनेने तो दिला नाही."

लाटणं माझ्या हातून सुटलं.

"काय झालं?"

"काही नाही. तूप लागलं होतं हाताला."

ती वही आमच्या लग्नाच्या आधीची होती. तेव्हा मी कुठे होते, आई कुठे आजारी होत्या! फादरांनी माझं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारखी सून त्यांच्या डब्यात माझ्या कितीतरी आधीपासून होती. त्या दिवशी सवयीने त्यांनी ते कार्ड उचललं, अर्ध्यावर आल्यावर मी समोर बसलेली दिसली, आणि त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून चेहरा उतरला. आणि व्हरांड्यात ते हात जोडून हेच सांगायची परवानगी मागत होते, ती मी दिली नाही. उलट तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. त्या माणसाने ते अक्षरशः पाळलं. रेक्टरांना वही दाखवली असती तर पाच मिनिटांत सुटले असते. पण मग रेक्टरांनी विचारलं असतं, बाईला यातली कोणती केस आपली वाटली? माझं नाव त्यांच्यापाशी होतंच. त्या वेळी वर्गातून कोण उठून गेलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मला वाचवायला ते आपलं शिकवणं सोडून द्यायला निघाले होते, आणि मी काय केलं? त्यांना कालवण वाढलं, आणि तेसुद्धा मनात शिव्या देत.

मला माझीच एवढी शिसारी आली की काय सांगू.

"उद्या चर्चमध्ये मिस्सा झाली की थेट रेक्टरांकडे जातो," हे म्हणाले. वही त्यांनी टेबलावर चष्म्याजवळ ठेवली.

रविवारी सकाळी हे बूट घालायला बसले. आता हे जाणार, वही दाखवणार, आणि रेक्टर बघणार की ज्या बाईने तक्रार केली तिचाच नवरा तिच्याच केसची वही घेऊन आलाय. रेक्टर भले काही बोलले नसते. पण यांनी ती वही तिथेसुद्धा मोठ्याने वाचली असती. तेवढं मात्र मला सहन होणार नव्हतं. मी यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"ती बाई मी आहे," मी म्हटलं.

यांना कळेना. "कोणती बाई?"

"तक्रारवाली. आणि वहीतली सूनही. म्हणजे वहीतली नव्हे, पण तसलीच." मग मी सगळं सांगितलं. मनगट धरायच्या ते, पेज भरवताना म्हणायच्या ते, यांच्याशेजारी जायचंय म्हणायच्या ते. झोपूनच होत्या, असं मी खोटं सांगायचे ते.

यांच्या एका पायात बूट होता, एका पायात नव्हता.  मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. पण यांनी फक्त विचारलं, "किती वेळा म्हणाली?"

कन्फेशनमध्येही हेच विचारतात. तिथे मी अंदाजाने सांगून सुटले होते. अनेकदा, असं म्हटलं होतं. यांच्यासमोर तसं म्हणवेना.

"रोज," मी म्हटलं.

यांनी पायातला बूट काढला. दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी ठेवले. वही माझ्या हातात दिली. "तू जा रेक्टरांकडे," म्हणाले. "तुझं आहे ते."

मी एकटी गेले. ऑटोत बसून हातात वही घट्ट धरली होती. रेक्टरांच्या खोलीत सगळं हिंदीत सांगावं लागलं, आणि मला वाटत होतं तसं काही झालं नाही, हिंदीतही पाप सांगता येतं. रेक्टरांनी वही चाळली, प्रसंग नववा वाचला, आणि डोक्याला हात लावला. फादरांना बोलावून घेतलं. "एक शब्द कह देते आप!" ते जवळजवळ रागानेच म्हणाले.

फादर म्हणाले, "एक शब्द में ये पहचानी जातीं."

मी म्हटलं, "फादर, मी मोकळीक देते. आता बोला. वाटेल ते बोला. शिव्या द्या."

ते माझ्याशी मराठीत बोलले. "शिव्या कशाला? चूक माझीही आहे. कार्ड उचलायच्या आधी समोर कोण बसलंय ते बघायला हवं होतं मी. पण बघून ते मागे ठेवलं असतं, तरी तुम्ही सांगितलेल्याचा वापर केल्यासारखंच झालं असतं ना? इतकी वर्षं शिकवतोय, पण याचं उत्तर मला अजून येत नाही." मग चष्मा काढून पुसत विचारलं, "घरी सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग जा लवकर घरी. इथलं मी बघतो."

त्यांचे तास सोमवारपासून परत सुरू झाले. तेवढं तरी माझ्या हातून झालं.

घरी आले तर मुलगी दारात. "पापा कब के निकले हैं, मम्मी. बूट भी नहीं पहने, चप्पल में ही गए." फोन टेबलावरच होता. हे कुठे गेले असतील ते मला विचारावं लागलं नाही. तोच ऑटो मी परत फिरवला.

दफनभूमीत ऊन कडक होतं, बाकी कुणी नव्हतं. आईंच्या कबरीपाशी हे उकिडवे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी जवळ जाईपर्यंत यांना चाहूल लागली नाही. हे बोलत होते. लहानपणी आईला गाऱ्हाणं सांगावं तसे, नाक ओढत.

"आई, मला कुणी सांगितलंच नाही गं."

परत तेच. "मला कुणी सांगितलंच नाही."

 मी जाऊन यांच्या शेजारी गुडघे टेकले. यांच्याकडे बघायची छाती झाली नाही, म्हणून दगडाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आई, मी नाही सांगितलं." हे माझ्यापासून सरकले नाहीत, जवळही आले नाहीत.